वाचकांचे प्रश्न : माशीचे गणित मांडणारे एडवर्ड निपलिंग

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचे लेखक एकमेकांना ओळखत नसावेत, पण त्यांचे प्रश्न एकाच कीटकशास्त्रज्ञाच्या कामाकडे जातात. म्हणून या अंकातील संपूर्ण सदर त्या एका माणसासाठी ठेवले आहे. मी परभणीला कीटकशास्त्र शिकलो आणि पुढे बरीच वर्षे ते शिकवले. या शास्त्रज्ञाविषयी मला वाटणारा आदर उत्तरांत उघड दिसेल आणि तो झाकण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

प्रश्न : आमच्या घरी पूर्वीपासून शेळ्या आहेत. पावसाळ्यात एखाद्या शेळीला तारेचे लागले किंवा नव्या करडाची नाळ ओली राहिली, की दोन-तीन दिवसांत तिथे किडे पडत आणि सासरे सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरत. माझा मुलगा सांगतो की अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने अशाच माश्या कोट्यवधींच्या संख्येने वाढवून, विमानातून सोडून ती माशी देशातून संपवली. माश्या सोडून माश्या कशा संपतील? हे खरे आहे का आणि हा मनुष्य कोण होता? — एक वाचक भगिनी, माजलगाव तालुका (जि. बीड)

उत्तर : आपल्या मुलाने सांगितले ते खरे आहे. त्या शास्त्रज्ञाचे नाव एडवर्ड फ्रेड निपलिंग. टेक्सास राज्यात मेक्सिकोच्या आखाताच्या काठी पोर्ट लव्हाका नावाचे गाव आहे, तिथे २० मार्च १९०९ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १७ मार्च २००० रोजी, एक्याण्णव वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस असताना, त्यांचे निधन झाले. टेक्सास हा कापसाचा आणि गुरांचा मुलूख आहे. पिकावरची कीड आणि जनावरावरची कीड या दोन्ही गोष्टी तिथल्या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत जाण्याआधीच कळतात. निपलिंग यांनी १९३० मध्ये टेक्सासच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली, पुढचे शिक्षण आयोवा येथे घेतले आणि मग जवळजवळ सगळे आयुष्य अमेरिकेच्या केंद्रीय कृषी विभागाच्या कीटकशास्त्र शाखेत काढले.

त्यांनी ज्या माशीवर काम केले तिच्या अळीला तिकडे स्क्रूवर्म म्हणतात, कारण तिच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारखी वलये असतात आणि ती डोके आत खुपसून मांसात शिरते. ही माशी आपल्याकडची नव्हे. आपल्या शेळ्यांच्या जखमांत अळ्या घालणारी माशी वेगळ्या जातीची आहे, पण दोघींची सवय एकच आहे आणि तीच सवय भयंकर आहे : साध्या माशीची अळी सडलेल्या मांसावर जगते, तर या दोघींच्या अळ्यांना जिवंत प्राण्याचे ताजे मांस लागते. मादी जखमेच्या कडेवर दोनशे ते तीनशे अंडी एका थरात चिकटवते. एका दिवसाच्या आत ती फुटतात. अळ्या पाच ते सात दिवस मांस खातात आणि मग जमिनीवर पडून मातीत कोष करतात. वाढत्या जखमेच्या वासाने दुसऱ्या माद्या येतात, त्यामुळे गोचिडाने केलेल्या छिद्राएवढ्या जखमेतूनही उपचाराविना थोड्याच दिवसांत धडधाकट बैल मरू शकतो. नुकत्याच जन्मलेल्या वासराची नाळ ही तर तिची आवडती जागा. टेक्सासमधील पशुपालक डाग देणे, शिंगे काढणे, खच्चीकरण करणे ही सगळी कामे थंडीत उरकून घेत आणि उन्हाळाभर माणसे घोड्यावर बसून एकेक जनावर तपासत फिरत. आपल्या सासऱ्यांनी वाटलेला सीताफळाचा पाला आणि त्या माणसांच्या खोगिराला अडकवलेली औषधाची बाटली यांचे काम एकच होते : पडलेल्या अळ्या मारणे. पुढच्या माशीचे काय, याचे उत्तर दोघांकडेही नव्हते.

इथे एका जुन्या चुकीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण ती दुरुस्त झाली नसती तर निपलिंग यांचे काम सुरूच झाले नसते. फार काळ असे मानले जात होते, की ही माशी मेलेल्या जनावरांवरही वाढते, म्हणून मेलेली ढोरे जाळणे आणि पुरणे यावर सगळा भर होता. १९३३ मध्ये इमरी कशिंग आणि वॉल्टर पॅटन यांनी दाखवून दिले, की मढ्यावर वाढणारी माशी आणि जखमेत अळ्या घालणारी माशी या दिसायला सारख्या असल्या तरी दोन स्वतंत्र जाती आहेत. मढ्यावरच्या माश्यांच्या तुलनेत जखमेतली माशी संख्येने फारच थोडी निघाली. एवढे दिवस ज्या थव्यांकडे बघून लोक हताश होत होते, ते थवे शत्रूचे नव्हतेच. कीटकांची नुसती बारकाईने ओळख पटवण्याच्या कामाला आपल्याकडे कोणी फारसे महत्त्व देत नाही. मला मात्र या साऱ्या कथेत तो टप्पा फार मोलाचा वाटतो.

१९३७ च्या सुमारास निपलिंग टेक्सासमधील प्रयोगशाळेत पिंजऱ्यातल्या या माश्या पाहत असत. त्यांच्या लक्षात आले, की नर सारखे माद्यांच्या मागे असतात, पण मादी एकदा जुगली की पुन्हा कोणत्याही नराला जवळ येऊ देत नाही. हे पाहिलेले इतरही असतील. निपलिंग यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला : मादीच्या वाट्याला येणारा तो एकच नर निर्बीज असेल तर काय होईल? ती अंडी घालील, पण ती फुटणार नाहीत आणि तिला दुसरी संधी नसेल. म्हणजे माशीला माशीकडूनच हरवता येईल.

नर निर्बीज करायचे कसे, हे त्या वेळी त्यांना ठाऊक नव्हते. बहुतेक सहकाऱ्यांना ही कल्पना वेडगळ वाटली. एकाला तशी वाटली नाही, ते म्हणजे रेमंड बुशलँड, आणि त्यांचे नाव निपलिंग यांच्याबरोबरच घेतले पाहिजे. बुशलँड यांनी १९३६ मध्येच सहकाऱ्याबरोबर खिमा, रक्त आणि थोडे फॉर्मलिन यांच्या मिश्रणावर या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या होत्या. जिवंत जनावराशिवाय अळी वाढवता येते हे सिद्ध झाले, म्हणूनच पुढे आठवड्याला कोट्यवधी माश्या तयार करण्याचा विचार तरी करता आला.

मग महायुद्ध आले आणि सगळे थांबले. युद्धानंतर १९५० मध्ये निपलिंग यांच्या वाचनात हर्मन मुलर यांचा लेख आला. क्ष-किरणांनी फळमाश्यांच्या आनुवंशिक गुणांत बदल होतो हे मुलर यांनी १९२७ मध्येच दाखवले होते आणि त्यासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. निपलिंग यांनी त्यांना पत्र लिहून विचारले, की या किरणांनी स्क्रूवर्मच्या माश्या निर्बीज होतील का. मुलर यांनी होतील असे कळवले. बुशलँड यांनी सॅन अँटोनिओ येथील लष्करी रुग्णालयाच्या क्ष-किरण यंत्राखाली कोष धरले. कोषाच्या नेमक्या वयात, पाच-सहा दिवसांचा असताना, योग्य मात्रा दिली तर बाहेर पडणारी माशी उडते, खाते, जुगते, फक्त तिला संतती होत नाही, असे त्यांना आढळले. पहिल्या विचारापासून इथवर यायला तेरा वर्षे लागली होती.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो, की माश्या सोडून माश्या कशा संपतात. निपलिंग यांनी कागदावर मांडलेला हिशेब असा आहे. समजा एका प्रदेशात १० लाख माद्या आणि तेवढेच नर आहेत, आणि एरवी त्यांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहते. आपण प्रत्येक पिढीत २० लाख निर्बीज नर सोडतो. मग दर तीन नरांत दोन निर्बीज असतील, म्हणजे तीनातल्या एकाच मादीची अंडी फुटतील आणि पुढच्या पिढीत ३,३३,३३३ माद्या राहतील. आपण सोडणारे नर मात्र २० लाखच, त्यामुळे आता एका खऱ्या नरामागे सहा निर्बीज झाले. तिसऱ्या पिढीत उरल्या ४७,६१९. आता प्रमाण एकास बेचाळीस. चौथ्या पिढीत १,१०७. त्यापुढे प्रमाण एकास अठराशेच्या वर जाते आणि पाचव्या पिढीत एकही मादी उरू नये असे गणित सांगते. प्रत्यक्ष रानात हिशेब इतका सुबक चालत नाही, पण त्यातले मर्म खरे आहे. फवारणीने शंभरातले नव्वद किडे मेले, तर उरलेल्या दहांसाठी पुन्हा सगळे शेत तेवढ्याच औषधाने फवारावे लागते. कीड जितकी कमी, तितका दर किड्यामागे खर्च जास्त. निर्बीज नरांचे याच्या उलट असते, कारण कीड जितकी विरळ होते तितके हे हत्यार धारदार होत जाते. शेवटची मादी कुठल्या झुडपात आहे हे माणसाला सापडणार नाही; नराला ती बरोबर सापडते.

पहिली परीक्षा फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या सॅनिबेल बेटावर झाली. माश्या कमी झाल्या, पण मुख्य भूमी जवळ असल्याने नव्या उडत येत राहिल्या. अशातच व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेल्या क्युरासाव या डच बेटावरून तिथल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने मदतीसाठी लिहिले. ते बेट ४४४ चौरस किलोमीटरचे, मुख्य भूमीपासून पुरेसे दूर आणि, आपल्याला वाचून बरे वाटेल, शेळ्यांनी भरलेले होते. १९५४ मध्ये दर आठवड्याला दर चौरस मैलामागे सुमारे चारशे निर्बीज नर विमानातून सोडले गेले. जागोजागी बांधलेल्या शेळ्यांच्या जखमांवरून अंडी गोळा करून ती फुटतात की नाही हे रोज पाहिले जाई. न फुटणाऱ्या अंड्यांचे प्रमाण वाढत गेले आणि काही महिन्यांत बेटावर अंडी मिळेनाशीच झाली. ती बातमी पोहोचताच फ्लोरिडाच्या पशुपालकांनी मागणी लावून धरली. सेब्रिंग येथील जुन्या विमानतळाच्या शेडमध्ये आठवड्याला पाच कोटी माश्या तयार होऊ लागल्या आणि १९५९ पर्यंत अमेरिकेचा आग्नेय भाग मुक्त झाला. पुढे टेक्सासची पाळी आली. १९७२ मध्ये मोठा उलटा फटका बसून त्या एका वर्षात ९५ हजारांच्या वर प्रकरणे नोंदली गेली, तरी काम सोडले गेले नाही. अमेरिकेतील मूळ प्रादुर्भावाचे शेवटचे प्रकरण १९८२ मधले. मेक्सिको १९९१ मध्ये मुक्त घोषित झाला आणि त्यानंतर माशीमुक्त प्रदेशाची सीमा हळूहळू दक्षिणेकडे, पनामापर्यंत ढकलली गेली.

एक पुरवणी जोडतो. मादी एकदाच जुगते म्हणूनच ही पद्धत चालते, असे पुस्तकांतून अनेकदा लिहिलेले असते आणि मीही विद्यार्थ्यांना आरंभी तसेच सांगत असे. कल्पना सुचली ती त्या निरीक्षणावरून हे खरे, पण मादी अनेकदा जुगणाऱ्या किडींवरही पद्धत चालते. खरी अट अशी, की सोडलेला नर रानातल्या नराच्या बरोबरीने मादीला मिळवण्याइतका सशक्त असला पाहिजे आणि पुरेशा संख्येने सोडला गेला पाहिजे.

आपल्या शेळ्यांसाठी तूर्त एवढेच सांगतो, की पावसाळ्यात व्यालेल्या शेळीच्या करडाची नाळ लगेच टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी आणि छोट्या जखमेकडेही त्याच दिवशी लक्ष द्यावे. अळ्या पडल्याच तर पशुवैद्यकाला दाखवावे, कारण त्या दिसतात त्यापेक्षा खोल असतात.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात डीडीटीचा प्रसार करणाऱ्यांत निपलिंग यांचेही नाव होते असे वाचले. ज्याने विषारी पावडर जगभर नेली, त्याच माणसाला विषाविना कीड संपवणारा म्हणून गौरवावे, हे मला समजत नाही. — एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे आणि ते लपवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. १९४२ पासून निपलिंग फ्लोरिडातील ऑर्लँडो येथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते. सैनिकांना उवा, डास, पिसवा यांपासून वाचवण्यासाठी तिथे हजारो रसायने तपासली गेली आणि त्यांत डीडीटीची पावडर उवांवर सर्वांत गुणकारी ठरली. उवांमधून टायफस नावाचा ज्वर पसरतो आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने युरोपात लाखो माणसे नेली होती. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात ही साथ सुरू झाली तेव्हा लाखो लोकांच्या कपड्यांवर पावडर मारून ती आटोक्यात आणली गेली. ज्यांचे प्राण वाचले त्यांच्या बाजूने पाहिले तर त्या कामाला दोष देणे मला जमत नाही.

दोष द्यायचा तर त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांना द्यावा लागेल, जेव्हा तीच पावडर शेतांवर, जंगलांवर, वस्त्यांवर हात न आखडता पसरली गेली. आणि नेमक्या त्याच वर्षांत, १९५३ पासून कृषी विभागाच्या कीटकशास्त्र शाखेचे प्रमुख म्हणून, निपलिंग यांनी आपल्या खात्यातील संशोधनाचा मोठा भाग रसायनांपासून दूर नेला : निर्बीज कीटक, कामगंध (नराला बोलावण्यासाठी मादी सोडते तो वास), परोपजीवी कीटक (किडीच्याच अंगावर वाढून तिला मारणारे), कीड सोसणारी वाणे. कीटकनाशकांच्या अतिरेकावर १९६२ मध्ये जगाला सावध करणाऱ्या रॅचेल कार्सन यांनी पर्यायी वाट म्हणून ज्या कामांकडे बोट दाखवले, त्यांत निपलिंग यांचे काम होते. डीडीटीची ताकद ज्याने सर्वांआधी जवळून पाहिली, त्यालाच तिची मर्यादाही लवकर कळली असावी, असे माझे मत आहे. किडींमध्ये प्रतिकारशक्ती येते आणि मग मात्रा वाढवत न्यावी लागते, हे त्यांच्या खात्याच्या प्रयोगशाळांत रोज दिसत होते.

माणूस म्हणून ते प्रसिद्धीच्या मागे नव्हते. कागद, पेन्सिल आणि आकडेमोड हे त्यांचे मुख्य साधन. त्यांच्या पत्नी फीबी निपलिंग या स्वतः जीवशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि व्हर्जिनियातील आर्लिंग्टनच्या शाळकरी मुलांना निसर्गातच विज्ञान शिकवणारी खुली प्रयोगशाळा त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. आपण शिक्षक आहात म्हणून हे मुद्दाम कळवतो. निपलिंग यांना १९६६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक, १९९२ मध्ये बुशलँड यांच्यासह जागतिक अन्न पुरस्कार आणि १९९५ मध्ये जपान पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांनी परोपजीवी कीटकांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातही पानोपानी तेच, पिढीमागून पिढीचे हिशेब आहेत.

प्रश्न : मी सहा एकर कापूस लावतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या भागात बोंडेच्या बोंडे आतून खाल्ली. फवारण्या केल्या, सापळे लावले, खर्च झाला आणि अळी दर वर्षी येतेच. अमेरिकेने गुलाबी बोंडअळी कायमची संपवली असे ऐकतो. ते याच शास्त्रज्ञाच्या पद्धतीने झाले काय? आपल्याकडे का होत नाही? — एक शेतकरी वाचक, सेलू तालुका (जि. परभणी)

उत्तर : होय, त्या यशात निपलिंग यांच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे, पण एकटीचा नाही. आणि आपल्याला उपयोगी पडेल असा भाग नेमका त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गुलाबी बोंडअळी मूळची आपल्याच बाजूची. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले ते भारतातल्या, भडोच भागातील नमुन्यांवरून. सरकीत लपून ती इजिप्तला गेली, तिथून मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासला. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात तिने बस्तान बसवू नये म्हणून १९६८ पासून निर्बीज पतंग सोडले जात होते. हे पतंग वाढवताना अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळतात. तो पतंगाच्या अंगात उतरतो, त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग सोडलेला आहे की रानातला, हे चिरडून पाहिले की लगेच कळते. पुढे अॅरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास आणि मेक्सिकोचा उत्तर भाग मिळून मोठी मोहीम झाली, अब्जावधी निर्बीज पतंग सोडले गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने कापूस पट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

परंतु निर्बीज पतंग सोडण्याआधी तिथे काय केले गेले, ते पाहा. अळीला दाद न देणारे बीटी वाण (अळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार करणारे) जवळजवळ सगळ्या क्षेत्रावर लावले गेले आणि त्या वेळी तिथल्या अळीत प्रतिकारशक्ती आलेली नव्हती. प्रत्येक भागात कापूस उपटण्याची अंतिम तारीख ठरलेली असे आणि ती सगळ्यांवर बंधनकारक असे. कामगंधाने शेत भरून टाकून नराला मादीचा माग लागू नये अशी व्यवस्था केली गेली. या सगळ्याने अळीची संख्या तळाला गेली आणि तेव्हा निर्बीज पतंगांनी उरलेले काम केले. वरच्या हिशेबात आपण पाहिले, की निर्बीज नर कमी संख्येवर धारदार ठरतात. ऐन हंगामातील लाखो पतंगांवर ते सोडणे म्हणजे पुराच्या पाण्यात घागरी ओतणे आहे, आणि निपलिंग स्वतः हे वारंवार सांगत.

आपल्याकडे महाराष्ट्रातच कापसाचे क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टर आहे. क्युरासावच्या भोवती समुद्र होता, अॅरिझोनाच्या शेतांभोवती वाळवंट होते. सेलूच्या शेताभोवती मात्र जालन्यापासून नांदेडपर्यंत कापूसच आहे आणि त्यापुढे विदर्भ व तेलंगण. बीटी कपाशीतील प्रथिनांना आपल्याकडची अळी प्रतिकारक झालेली आहे. एवढ्या क्षेत्राला पुरतील इतके पतंग तयार करणारी व्यवस्था आज नाही आणि उद्या उभी राहिली तरी पहिली पायरी आपल्यालाच चढावी लागेल.

ती पायरी म्हणजे अळीला उपाशी ठेवण्याचा काळ. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. पाणी मिळाले की आपण फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवतो, म्हणजे वेचणी झालेली कपाशीच पुढच्या बहरासाठी उभी ठेवतो, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवतो, जिनिंगमध्ये सरकी पडून असते, आणि अशा रीतीने एका हंगामातील अळी पुढच्या हंगामाला आपल्याच हाताने पोहोचवतो. डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, पऱ्हाट्या रचून न ठेवता बारीक करून जमिनीत गाडणे, मान्सूनपूर्व लागवड टाळणे, फुलोऱ्यात डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली फुले) तोडून अळीसकट नष्ट करणे, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आल्याशिवाय औषधाला हात न लावणे, जिनिंगच्या आवारात सापळे लावणे : ही यादी आपल्याला पाठ असेल. ती एकट्याने पाळून उपयोग होत नाही हाही आपला अनुभव असेल, आणि तो चुकीचा नाही. निपलिंग यांनी पुढे आकडे मांडून दाखवले, की एखाद्या प्रदेशातील नव्याण्णव टक्के क्षेत्रावर कीड पूर्ण संपवली आणि एक टक्का क्षेत्र तसेच सोडले, तर त्या एका टक्क्यातून थोड्याच पिढ्यांत सगळे पुन्हा भरून निघते. त्यापेक्षा सगळ्याच क्षेत्रावर एकसारखी नव्वद टक्के कीड कमी केली तर फायदा जास्त होतो. आपल्या भाषेत सांगायचे तर, आपल्या सहा एकरांतील चोख कामापेक्षा शिवारातील प्रत्येकाचे जेमतेम काम अळीला अधिक जड जाते. म्हणून सापळ्यांवर खर्च करण्याआधी शेजारच्या बांधावरच्यांशी आणि ग्रामसभेत फरदडीचा विषय काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नाला, रस्ता किंवा डोंगर यांनी वेगळे पडलेले एखादे शिवार प्रथम निवडले, तर फरक मोजताही येईल.

प्रश्न : (१) किरणांखाली ठेवलेले कीटक किरणोत्सर्गी होऊन जनावरांना किंवा माणसांना अपाय करत नाहीत का? (२) भारतात असा प्रयोग कधी झाला आहे का? (३) स्क्रूवर्म परत आली आहे असे वाचले. मग निपलिंग यांचे काम वाया गेले का? — बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर, नाही. क्ष-किरण किंवा कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण कोषातून आरपार जाताना पेशींतील गुणसूत्रे तोडतात, पण ते स्वतः मागे काही ठेवत नाहीत. छातीचा एक्स-रे काढलेला माणूस घरच्यांना अपाय करत नाही, तसेच हे आहे. शरीराच्या इतर पेशींची वाढ तोवर बहुतेक पूर्ण झालेली असते, म्हणून माशी जगते. बीजपेशी त्या वेळी विभागत असतात, म्हणून त्यांचे नुकसान सर्वाधिक होते. कोषाचे वय नेमके साधावे लागते ते यासाठीच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, होय. दिल्लीत १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून डासांच्या जननिक नियंत्रणाचा प्रकल्प चालवला होता. निर्बीज नर डास सोडण्याच्या चाचण्या झाल्या, पण प्रकल्पामागे परकीय लष्करी हेतू असल्याचे आरोप होऊन वाद पेटला आणि १९७५ मध्ये तो बंद पडला. निपलिंग यांच्या कामामागे पशुपालकांचा जो आग्रह आणि विश्वास उभा राहिला, तो इथे तयार होण्याआधीच तुटला.

तिसऱ्याविषयी. पनामात २०२३ पासून प्रकरणे एकदम वाढली, माशी मध्य अमेरिकेतून वर सरकत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत पुन्हा सापडली. निर्बीज माश्यांचा पडदा सतत धरून ठेवावा लागतो. जनावरांची अनियंत्रित वाहतूक झाली, तपासणी ढिली पडली, की तो फाटतो. दक्षिण अमेरिकेत ती माशी पूर्वीपासून आहेच, ती जगातून कधीच नाहीशी झालेली नव्हती. काम वाया गेले म्हणावे, तर दुसरे कोणतेही हत्यार कोणाला सुचलेले नाही. १९८८ मध्ये जनावरांबरोबर ही माशी आफ्रिकेत, लिबियात पोहोचली होती, तेव्हा मेक्सिकोतील कारखान्यातून निर्बीज माश्या विमानाने नेऊनच ती १९९१ पर्यंत निपटून काढली गेली. आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने आठवड्याला ३० कोटी निर्बीज माश्या तयार करणारा नवा कारखाना जाहीर केला आहे. तो होणार आहे टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मूर नावाच्या जुन्या विमानतळावर, जिथे १९६२ मध्ये निपलिंग यांच्या माश्यांचा पूर्वीचा कारखाना सुरू झाला होता.